मागच्या फळीवरची बरणी

प्रत्येक घरात एक खोली अशी असते, की जिचं भाडं आपण भरतो, जिच्या जिवावर आपण जगतो, पण जिथं आपल्याला काडीची किंमत नसते. माझ्या बाबतीत ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. जन्मभर मी त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच गेलेला माणूस. उंबऱ्यात उभं राहायचं, "चहा झाला का?" म्हणून विचारायचं आणि कप हातात आला की मागं फिरायचं, एवढाच आमचा संबंध. मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही चहात घातल्यावर कळलं.

ही प्रगती घडली २०२४ सालच्या आषाढात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या फलटणचा मुक्काम आटोपून बरडच्या वाटेला लागली. दोन दिवस वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापून दमलेली माझी बायको अंगण धुवायला गेली आणि शेवाळावरून पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. लेक पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकते. ती चार दिवस येऊन राहिली आणि परीक्षा आहे म्हणून परत गेली. मागं उरलो आम्ही दोघं, आणि तीन हात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. दहावी झालो (आमची आई शेवटपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणे) आणि चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन नोकरीला लागलो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांमुळं डोळ्यांना जे दिसतं त्यावर माझा फार भरवसा. नाकाकडं मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पण त्या सहा आठवड्यांत मला एका गोष्टीचं नवल वाटू लागलं. रंगांना आपण किती नावं दिली आहेत! मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, राखी. वासाला मात्र स्वतःचं असं नावच नाही. धन्याचा वास, हिंगाचा वास, पावसाचा वास, असं ज्याचा वास त्याच्याच नावानं तो ओळखायचा. ती वस्तू ज्याला ठाऊक नाही त्याला तो वास सांगता येत नाही. म्हणजे वास ज्याचा त्यालाच ठाऊक. माणसाला मुलुख सोडावा लागला की इतर सगळं बरोबर नेता येतं. वास नेला तरी तो कुणाला समजावून सांगता येत नाही, हे मला पुढं कळायचं होतं.

पहिले आठ दिवस मौजेचे गेले. जागांची अदलाबदल झाली होती. उंबऱ्यात खुर्ची टाकून ती बसायची आणि आत मी. "मोहरी तडतडू दे आधी." "अहो, हिंग चिमूटभर, मूठभर नव्हे." "गॅस बारीक." तेवीस वर्षं मी मुलांना "रेघ हलकी मार, पुसता आली पाहिजे" असं सांगत आलो, आता ती मला "तिखट बेतानं घाला, काढता येत नाही," असं सांगत होती. चौथ्या दिवशी माझी भाकरी पहिल्यांदा फुगली. कादंबरीला बक्षीस मिळालं तेव्हाही मी इतका आनंदलो नव्हतो.

आमच्या घरचा कणा म्हणजे काळा मसाला. तो आमच्या आईचा. आई २०१९ साली गेली, पण मसाला अजून तिच्याच हातचा आहे असं आम्ही मानतो, कारण बायको तो तिच्याच मापानं करते. वैशाखात एक दिवस घर त्या वासानं भरून जातं. धने, जिरं, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलदोडे, बदामफूल, नागकेशर, दगडफूल, हिंग आणि सुकी मिरची. एकेक जिन्नस वेगळा तेलावर परतायचा, खोबरं काळपट होईतो भाजायचं आणि मग सगळं एकत्र कुटायचं. हा मसाला म्हणजे आमचा देश, आमचं घराणं, आमची ओळख असं आई समजत असे. "आपली चव आहे ती," असं ती म्हणायची, आणि त्या 'आपली' शब्दावर तिचा जोर असायचा.

त्या दिवशी मसाल्याची मोठी बरणी संपत आली होती म्हणून मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची दुसरी काढायला गेलो. ती पुढं ओढली तेव्हा तिच्या मागं, भिंतीला चिकटून, एक चिमुकली काचेची बरणी दिसली. झाकणाखाली फडक्याचा तुकडा बांधलेला. आत मिऱ्याएवढी, तोंड उघडलेली, तपकिरी टरफलं; काहींत काळ्या चकचकीत बिया अडकलेल्या.

"हे काय गं?"

ती उंबऱ्यातून मान वर करून पाहात होती. क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "काही नाही. जुनं आहे. टाकून द्या."

टाकायचंच तर एकदा पाहावं म्हणून मी झाकण उघडलं.

कुणी म्हणेल, कादंबरीकाराला अतिशयोक्तीची सवय. पण खरं सांगतो, झाकण उघडलं आणि मी फलटणच्या स्वयंपाकघरात राहिलो नाही. संत्र्याची साल नखानं दाबावी, त्यात थोडी मिरी आणि थोडं ओलं लाकूड मिसळावं, तसा तो वास. त्या वासाबरोबर कौलांवरचा पाऊस आला, कंदिलाचा उजेड आला, आणि बावीस वर्षांचा एक मास्तर केळीच्या पानापुढं मांडी घालून बसलेला मला स्पष्ट दिसला.

ते तिरफळ होतं.

मला पहिली नोकरी २००१ साली वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात लागली. घाटावरचे पुष्कळ शिक्षक असे नोकरीसाठी घाट उतरून खाली जातात आणि बदलीची वाट पाहात राहतात. मी ज्यांच्या पडवीत बिऱ्हाड केलं, त्या घरमालकीणबाईंनी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मला जेवायला बोलावलं. सोमवार म्हणून घरात मासे नव्हते. पानात खतखतं वाढलं. नावाप्रमाणंच मंद आचेवर खतखत शिजणारा पदार्थ. तूरडाळ, सुरण, लाल भोपळा, कच्ची केळी, रताळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, हाताला येईल ती भाजी. ओल्या खोबऱ्याचं वाटण, आंबटपणाला आमसुलं, वर गुळाचा खडा. कांदा नाही, लसूण नाही, आणि आम्हा देशावरच्या माणसाला पटणार नाही असं म्हणजे फोडणीसुद्धा नाही! मी मोठ्या हौसेनं घास घेतला आणि काहीतरी दाताखाली कडकन फुटलं. पुढच्या क्षणी माझ्या जिभेवर मुंग्यांची रांग निघाली. ओठ बधिर झाले. पाणी प्यालो तर पाणीही आंबूस लागलं. मला वाटलं, विषबाधा झाली.

घरमालकीणबाई पदरात तोंड लपवून हसत म्हणाल्या, "मास्तरांनू, ता चावूचा नाय. बाजूक काढून ठेवूचा."

दाराआड आणखी कुणीतरी हसलं. ते हसणं पुढं २००४ साली माझ्या घरात आलं. ती एक स्वतंत्र कादंबरी आहे. ती मी लिहिलेली नाही, कारण नायिकेची परवानगी नाही.

पहिल्या दिवशी घाबरलो खरा, पण पुढं पाच वर्षं मी तिरफळ आवडीनं खाल्लं. खाल्लं म्हणजे बाजूला काढून ठेवलं. कारण त्याची सगळी किमया नुसत्या सोबतीत आहे. काटेरी खोडाचं हे झाड कोकणात आणि गोव्यात घरोघर ठाऊक. कुणी तिरफळ म्हणतं, कुणी चिरफळ, गोव्यात तेफळ. पावसाळा सरता सरता हिरव्या फळांचे घोस धरतात. ती उन्हात वाळली की आपोआप उकलतात. काळी बी टाकून द्यायची, टरफल ठेवायचं. बांगड्याच्या तिखल्यात ते हवंच, आणि सोवळ्याच्या खतखत्यातही हवंच. आमची लेक मला सांगते, की हे झाड लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं. म्हणून तो सालीचा वास. चिनी स्वयंपाकातली जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी आणि गढवाल-नेपाळकडचा तिमूर हे त्याचे सख्खे चुलतभाऊ. एवढा मोठा गोतावळा असलेलं हे फळ आमच्या घरात मात्र भिंतीला चिकटून, मोठ्या बरणीच्या आड उभं होतं.

का, ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी विसरलो होतो, आणि विसरणं इतकं सोपं गेलं याचीच मला त्या स्टुलावर उभ्याउभ्या लाज वाटली.

२००६ साली मला फलटणला नोकरी मिळाली आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन घरी आलो. आमचं घर माळकरी. बायकोनं मासे सोडले. ते तिनं आपणहून, हसतमुखानं सोडले. आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं तुरीच्या डाळीच्या आमटीत चार तिरफळं टाकली. आईनं वाटी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. आमच्या लग्नाच्या वेळी ती कोकणात आठ दिवस राहिली होती. शेजारच्या घरांतून येणाऱ्या तिखल्याच्या वासात तिनं हा वास ओळखून ठेवला होता. ती म्हणाली, "ह्याला मासळीचा वास येतो. माळ घातलेल्या घरात हे चालायचं नाही."

आई रागावून बोलली नव्हती. तिच्यापुरतं ते खरंच होतं. खरं नव्हतं ते माझं वागणं. मला पक्कं ठाऊक होतं, की तो वास मासळीचा नाही. पाच वर्षं मी सोमवारी, एकादशीला, गणपतीच्या नैवेद्याला तिरफळ घातलेलं अन्न जेवलो होतो. "आई, अगं हे झाडाचं फळ आहे, देवाच्या पानातही चालतं," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बायको माझ्याकडं पाहात होती. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तिनं मुकाट्यानं पातेलं उचललं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिरफळ आलं नाही असं मी समजत होतो.

या काळात मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्हींत घुसमटलेल्या बायका आहेत. 'स्त्रीमनाचा ठाव घेणारा लेखक' असं एका परीक्षणात छापून आलं, ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. ते कात्रण ज्या कपाटात आहे त्याच्यापासून ही बरणी फक्त एका भिंतीपलीकडं होती.

"ही इथं किती दिवस आहे?" मी विचारलं.

"ही दोन वर्षं असेल. गेल्या साली माहेरी जाणं झालं नाही. नाहीतर दर साली जुनी टाकते, नवी भरते."

"आणि करतेस काय तिचं?"

ती थोडी ओशाळून हसली. "काही नाही. कधीतरी दुपारी झाकण उघडते. पुन्हा लावते."

मी बरणी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली असताना मी एक बेत केला. माणसाला पश्चात्ताप झाला की तो लगेच काहीतरी करून दाखवायला निघतो. तसा मी खतखतं करायला निघालो. डाळ शिजवली. भाज्या चिरल्या, सुरणानं हात खाजले ते सोसलं. नारळ खोवताना बोट कापलं तेही सोसलं. वाटणात मिरच्या, हळद, आणि हौसेच्या भरात ती सगळी बरणी, बियांसकट, मिक्सरमध्ये रिकामी केली. मनात म्हटलं, अठरा वर्षांचा अनुशेष आहे, हात आखडता कशाला घ्या?

ती आली, ताटावर बसली, डाव्या हातात चमचा घेऊन पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडं पाहात होतो. तिचे डोळे विस्फारले, मग मिटले. कडुलिंबाचा रस परवडला असता. वर दातांखाली वाळू. तिनं तो घास गिळला, पाणी प्याली, आणि हसायला लागली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं; आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना.

"तिरफळ वाटायचं नसतं हो," ती म्हणाली. "ठेचायचं नुसतं. बी काढून. आणि शेवटी घालायचं. पाच वर्षं जेवलात ना आमच्याकडे?"

"जेवलो. करताना कधी पाहिलं नाही."

"तेच," ती म्हणाली.

मी बराच वेळ गप्प बसलो. मग मात्र अठरा वर्षांपूर्वी न बोललेलं बोललो. म्हटलं, "त्या दिवशी मी आईला सांगायला हवं होतं."

तिनं "जाऊ द्या हो" असं म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका अशा वेळी हमखास तसं म्हणतात. ती म्हणाली, "हो. सांगायला हवं होतं. तिरफळाचं काही नव्हतं. मासे सोडले, तिथं फळाचं काय घेऊन बसलात? पण तुम्ही मान खाली घातलीत, तेव्हा मला कळलं की या घरात माझं बोलणं मलाच बोलावं लागणार."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आईंना नावं ठेवू नका मात्र. तुम्हाला येसराची गोष्ट माहीत आहे?"

मला माहीत नव्हती.

आमची आई मूळची परभणीकडची. मराठवाड्यात येसर करतात: बाजरी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धने, जिरं, खोबरं, मसाले घालून सगळं दळून ठेवायचं. घरात भाजी नसली तरी फोडणीच्या पाण्यात येसर कालवलं, उकळी आणली, की भाकरीबरोबर खायला आमटी तयार. आई लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरचं येसर बरोबर आणलं होतं. माझ्या आजीनं ते पाहून म्हटलं, "हे गरिबाचं पीठ आमच्या घरात नको. आमच्यात काळा मसाला असतो." आईनं डबा गुरांच्या आंबोणात रिकामा केला आणि आजीचा काळा मसाला शिकली. जो 'आपली चव' म्हणून ती जोरानं सांगायची, तो तिचा नव्हताच. तो तिला शिकावा लागला होता, आणि शिकल्यावर तोच धरून ठेवण्याखेरीज तिला दुसरं काय उरलं होतं?

शेवटच्या आजारात, अन्नावरची वासना उडाली तेव्हा, एका दुपारी आईनं सुनेला ही गोष्ट सांगितली. मुलाला नाही, सुनेला. बायकोनं परभणीकडच्या एका शेजारणीला विचारून येसर केलं. मी शाळेत असताना दुपारी त्या दोघी येसराची आमटी खायच्या. त्यातल्याच एका दुपारी आई म्हणाली, "तुझं ते कोकणातलं फळ आहे का गं अजून? आण बघू." बायकोनं ही बरणी खाली काढली. आईनं ती नाकाशी धरली आणि म्हणाली, "अगं, हा तर संत्र्यासारखा येतो की." मग बरणी परत दिली. आमटीत घाल, असं मात्र ती म्हणाली नाही. "तेवढं काही व्हायचं नाही त्यांच्यानं," बायको म्हणाली, "पण वास तरी घेतला."

त्या रात्री मला झोप आली नाही. काळ्या मसाल्याची बरणी समोर घेऊन बसलो आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यातल्या जिनसांचा विचार केला. 'आपली चव'! यातलं आपलं काय आहे? धने आणि तीळ आमच्या शिवारात पिकतात. पण लवंगेचं मूळ घर इंडोनेशियातली मोलुक्का बेटं. हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये हिंगाची रोपं लावली तीच मुळी २०२० साली. खोबरं किनाऱ्यावरचं, दालचिनी दूर दक्षिणेकडची, मसाला वेलदोडे पूर्व हिमालयाकडचे. मिरची तर अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडं आली. त्याआधी आपले लोक तिखटाला मिरी आणि पिंपळी वापरत. नागकेशर म्हणून बाजारात ज्या कळ्या मिळतात, त्यांत सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्याही असतात, आणि सुरंगी फुलते ती वेंगुर्ल्याकडं, माझ्या बायकोच्या माहेराच्या आसपास! तिथल्या मुली तिचे वळेसर माळतात. आणि दगडफूल? लेक सांगते, ते फूलच नव्हे. बुरशी आणि शेवाळ अशा दोन निराळ्या जीवांनी एकत्र धरलेला तो संसार. दगडावर, झाडाच्या सालीवर तो वाढतो. हातात घेतलं तर कचरा वाटावा, वासही फारसा नाही. तेलात पडलं की मगच ते बोलायला लागतं.

म्हणजे आमच्या त्या माळकरी घरातली 'आपली' आमटी सगळ्या जगानं मिळून रांधलेली होती. सातासमुद्रापलीकडची मिरची आणि लवंग कुणी न विचारता घरच्या झाल्या, आणि आंबोलीचा घाट चढून आलेलं तिरफळ परकं ठरलं. आपण पदार्थाला परकं म्हणतो तेव्हा बहुधा पदार्थाविषयी बोलत नसतोच.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. किराणा दुकानदाराला म्हटलं, "तिरफळ द्या." त्यानं आदरानं माझ्याकडं पाहिलं, "सरांना पोटाचा त्रास दिसतो," असं म्हणाला आणि त्रिफळा चूर्णाची डबी पुढं केली. हिरडा, बेहडा आणि आवळा! दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानात जाण्याऐवजी मी मेव्हण्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भावोजी, तुमका तिरफळ कित्याक व्हया?" म्हटलं, "स्वयंपाकाला." आठ दिवसांनी टपालानं पुडकं आलं. पोस्टमन म्हणाला, "सर, काय आहे हो यात? सगळ्या पिशवीला वास लागलाय."

या वेळी ती उंबऱ्यात बसली आणि मी तिच्या सांगण्यावरून केलं. बिया काढल्या. आठ-दहा टरफलं खलात हलकेच ठेचली, थोडं पाणी लावलं. भाज्या शिजल्या, वाटण उकळलं, आमसुलं आणि गूळ पडला, आणि गॅस बंद करायच्या जरा आधी तिरफळ घातलं. झाकण ठेवलं. "आता पाच मिनिटं उघडू नका," ती म्हणाली. ती पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता त्या झाकणाकडं पाहात बसलो.

जेवताना तिनं टरफलं एकेक करून पानाच्या कडेला रांगेनं लावली. मीही लावली. तिनं दोनदा मागून घेतलं. पसंतीचं एकही वाक्य ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. पानाची कड भरत होती, तेवढं मला पुरे होतं.

प्लास्टर निघून आता बराच काळ लोटला. मनगट थंडीत अजून दुखतं. स्वयंपाकघर पुन्हा तिच्या ताब्यात गेलं, पण रविवार माझा. मी फार चांगला स्वयंपाकी झालो असं नाही. आमटी अजून कधी खारट होते, कधी पाणचट. पण मीठ कुठं असतं ते ठाऊक आहे, आणि कोणती बरणी कुठं असते तेही. काळ्या मसाल्याच्या शेजारी आता तिरफळाची बरणी पुढच्या फळीवर असते. तिच्या शेजारी येसराचा डबा आहे. आईच्या तिथीला आम्ही तिच्यासाठी येसराची आमटी करतो आणि पानात वाढतो. आजी वरून पाहात असेल तर रागावत असेल. रागावू दे.

दिवाळीला लेक घरी येते. कोकणात दिवाळीच्या पहाटे कारीट फोडतात आणि पोहे करतात, गुळाचे, दह्याचे, फोडणीचे, नाना तऱ्हांचे. आमच्याकडं इतकी वर्षं पहाट चकली-चिवड्यावरच व्हायची. आता गुळाचे पोहेही असतात. कारीट फलटणात मिळत नाही. मेव्हणा भाऊबिजेला येतो तेव्हा आणतो, म्हणजे नरकासुर आमच्याकडं तीन दिवस उशिरा मरतो. लेकीला याची फार गंमत वाटते.

गेल्या भाऊबिजेला तिच्या पानात पहिल्यांदा खतखतं वाढलं. पुस्तकातलं शास्त्रीय नाव तिला पाठ होतं, कुळ ठाऊक होतं, चिनी चुलतभाऊ ठाऊक होते. तिनं घास घेतला आणि कडकन आवाज आला. डोळे मोठे झाले, हात तोंडाशी गेला.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. या खेपेला मी मान खाली घातली नाही.

"चावू नको गं," मी म्हटलं, "ते तुझ्या आईच्या घरचं आहे. बाजूला काढून ठेव."